बाबा मॅच बघतायत

सूर्यफुलाच्या बिया भाजल्याचा वास आला, की मला आजही एका जागी बसवत नाही. कोविडचं पहिलं वर्ष होतं. परदेशातल्या स्लायगो शहराच्या हॉस्पिटलात माझ्यासोबत काम करणारा इराणी डॉक्टर फरहाद खिशातल्या भाजलेल्या बिया चाळवत येरझाऱ्या घालत होता. तिकडे इराणात त्याचे वडील आजारी, विमानं बंद. गावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास तो मला सांगत सुटला होता: युद्धात मैदान गेलं, क्लब परगावी खेळला, तरी वडील बिया घेऊन प्रत्येक मॅचला हजर.

तेवढ्यात त्याच्या भावाचा फोन आला.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“बाबा मॅच बघतायत म्हणे.” बिया चाळवणारा त्याचा हात थांबला. “अगं, मॅच तर महिनाभरापासून बंद आहेत.”

तेव्हा मला त्या भावाचा रागच आला. धड खोटंही बोलता येऊ नये? आता वाटतं, मॅच बंद आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फक्त ‘बाबा गेले’ एवढं म्हणवत नव्हतं.