पोडादे

चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या एका कंपनीने सूर्य दत्तक घेतला, तेव्हा मी तिच्या मागच्या अंगणात डिझेल ओतत होतो. फाटकावर भलामोठा फ्लेक्स लागला होता: ‘आम्ही सूर्यावर चालतो.’ गच्चीवरच्या सोलर पॅनलवर चालायचं ते दारातलं कारंजं आणि कंपनीच्या नावाची पाटी. बाकी इमारत सरकारी विजेवर, आणि ती गेली की माझ्या जनरेटरवर.

मी नववीत शाळा सोडलेला, नगरकडचा. चेन्नईत मला विचारणारं कुणी नव्हतं. वेस्ट मांबलमच्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियन काकांनी ठेवून घेतलं, याच कंपनीत आपल्या हाताखाली कामालाही लावलं. ते तंजावरकडचे मराठी. त्यांचं जुनं, तमिळ हेलाचं मराठी मला आधी अर्धंच कळायचं. त्या माणसाचे उपकार आजही फिटलेले नाहीत. रोज वाटायचं, माझ्या हातून काही चुकेल आणि त्यांची मान खाली जाईल. नोकरी गेली असती तर मी कुठल्या तोंडाने गावी परतणार होतो?

उद्घाटनाला परदेशी पाहुणे आले. प्रत्येकाला रोप दिलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. सगळी व्यवस्था बघणारा साहेब फोटोवाल्यांना घेऊन गच्चीवर उभा होता. पाहुणे लिफ्टने वर निघाले आणि नेमकी वीज गेली.

एरवी वीज गेली की मी विचारत नसे, थेट जनरेटर लावत असे. पण त्या दिवशी हात लावायच्या आतच वॉकीटॉकी ओरडला, “पोडादे! डेय, पोडादे डा!”

माझं तमिळ तेव्हा पाच-सहा शब्दांचं. ‘पोडु’ म्हणजे लाव, हे पक्कं पाठ होतं. त्याला ‘दे’ जोडलेलं ऐकलं आणि मला वाटलं, साहेब म्हणतोय लावून दे. एवढा ओरडतोय म्हणजे घाई असणार. लावून दिला.

जनरेटर धडधडला आणि काळ्या धुराचा लोट थेट गच्चीकडे गेला.

काका धावत आले. “अरे, काय केलास रे? ‘पोडादे’ म्हणजे लावू नको! ते ‘दे’ आपलं देण्याचं नव्हे रे, बाबा!”

बंद करू का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, “आता राहू दे. धूर अस्क्यांनी पाहिला.” अस्के म्हणजे सगळे, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

थोड्या वेळाने साहेब खाली आला तो तोंडाचा पट्टा सोडूनच. काका मला मराठीत सांगत होते, पण निवडून. शिव्या स्वतःजवळ ठेवत होते. “म्हणतात, उद्यापासून येऊ नको.” मी हात जोडले. काकांनीही जोडले, ते मला बघवेना.

तेवढ्यात वरून बोलावणं आलं, म्हणून साहेब गेला. परतला तो आमच्याकडे न बघताच पुढे निघून गेला. वर काय झालं ते काकांनी लिफ्टवाल्याकडून काढलं. पाहुणे दोन मजल्यांच्या मध्ये अंधारात अडकले होते. आम्ही जनरेटर लावला आणि लिफ्ट हलली. बाहेर येऊन पाहुण्यांनी विचारलं, वीज गेली होती ना, मग ही चालली कशावर? कंपनीचा सर्वांत मोठा माणूस शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “सोलर.” टाळ्या पडल्या. आणि हा धूर? शेजारच्या कंपनीचा, म्हणाला. त्यांना अजून पर्यावरणाची जाण नाही.

“आता तुला काढतील कसे?” काका पोट धरून हसत म्हणाले. “काय म्हणून काढतील? जनरेटर लावला म्हणून? तो तर लागलाच नाही रे!”

मला हसू येत नव्हतं. मी कितीतरी दिवस फाटकातून आत शिरताना वॉचमनचं तोंड बघायचो. पण मला कुणी अडवलं नाही. पुढचे पाहुणे यायचे होते तेव्हा साहेब स्वतः शेडमध्ये आला आणि खुणांनी, सावकाश, मला समजेल असं बोलला: पाहुणे लिफ्टमध्ये शिरायच्या आधी जनरेटर चालू पाहिजे, वीज असो वा नसो.

पर्यावरणासाठी मी दोन कॅन डिझेल जास्त भरून ठेवलं.