ओल्या फरशीवरचे ठसे
फिनाइलचा वास आला की चिखलीकडचं ते जुनं चर्च आठवतं. मी देव मानत नाही. मी लाकडाचा व्यापारी; चर्चचं सागवानी छत पाहायला थांबलो होतो. उंच खिडक्यांतलं ऊन ओल्या फरशीवर उतरलं होतं. मी चार पावलं आत गेलो होतो. "थांबा, भाऊ," फरशी पुसणारी बाई म्हणाली. लहानपणी मला देवळाच्या दारातून हाकललं होतं; घासाघीस करताना चढतो तसा मी आवाज चढवला, "मले काऊन अडवता? मी आल्यानं बाटते काय तुमचं चर्च?" तिनं दाराबाहेरच्या चपलांकडे बोट दाखवलं. "बाटत नाही, भाऊ. बूट तेवढे काढा, आत्ताच पुसलं मी." आणि वाकून माझ्यामागे पुन्हा पुसू लागली. माझी मान वर झालीच नाही. त्या छताबद्दल मला आजही काही सांगता येत नाही. फरशीवरचे माझे ठसे तेवढे दिसतात.