बाबांच्या दोन्ही डिस्क

नाहूरच्या आमच्या घरात हॉलच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर मी लिनक्स टाकलंय आणि दोन हार्ड डिस्कची रेड जोडी केलीय, म्हणजे एकीवर जे लिहिलं जातं तेच आपोआप दुसरीवरही. सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, गायन पार्टीची सगळी रेकॉर्डिंग त्यावर आहेत. एका रविवारी स्क्रीनवर दिसलं की एक डिस्क जोडीतून बाहेर पडलीय.

"म्हणजे गाणी गेली?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा, दुसरीवर आहेत. पण तीही गेली तर वाट लागेल."

बाबा सोफ्यावर बसले आणि त्यांनी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. काय टाकला ते मी बघितलं नाही. मी मशीन बंद करून कॅबिनेट उघडत होते.

आत दोन्ही डिस्क सारख्याच. बिघडलेली कोणती ते लेबलवरच्या नंबरावरून ओळखायचं असतं, पण लेबलं पार आतल्या बाजूला. मी अंदाजाने खालची काढली, मशीन चालू केली आणि रेड उभीच राहिना. चांगली डिस्क माझ्या हातात होती.

"काय झालं गं?"

"आता दोन्ही नाहीत. थांबा जरा."

बाबा थांबले नाहीत. त्यांनी तेही टाइप केलं.

थोड्या वेळाने नागपूरच्या चुलत सासऱ्यांचा मला फोन आला. आवाज एकदम हळू. "सूनबाई, एक सांगतो. घाईघाईत ऑपरेशन करू नका."

"काका, मी उघडलंय आधीच."

काकांनी "अरे देवा" म्हणत फोन ठेवला.

मग बेल वाजली. दारात कांजूरमार्गची नणंद, एका हातात डबा, दुसऱ्या हातात कमरेचा पट्टा, बोटांना भाकरीचं पीठ. "बाबा, बसलात काय असे? आडवे व्हा आधी."

"मला काय झालंय?"

तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. 'एक डिस्क गेली. सून बघतेय.' त्याखाली, 'दुसरीही गेली. सून म्हणते थांबा.'

मी कॅबिनेटकडे बोट दाखवलं. तिने कॅबिनेटकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे, आणि मटकन खुर्चीत बसली. "तव्यावरची भाकरी तशीच टाकून आले मी," ती म्हणाली. बाबा मात्र खूश दिसत होते. आपल्यासाठी लेक रिक्षा करून धावत येते हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

आलीच आहे तर मी तिला टॉर्च धरायला लावला. तिने हात धुतले, वाकून दोन्ही नंबर वाचले, मी ते स्क्रीनवरच्या नंबरांशी ताडले. बिघडलेली डिस्क बिघडलेली नव्हतीच. तिची वायर सैल झाली होती. मी मशीन बंद केली, वायर घट्ट बसवली, चांगली डिस्क जागेवर लावली. रेड उभी राहिली. बाहेर पडलेली डिस्क कमांड देऊन पुन्हा जोडीत घेतली, आणि टक्के हळूहळू चढू लागले. आम्ही तिघांनी त्याकडे बघत पिठलं-भाकरी खाल्ली.

जेवण झाल्यावर बाबांनी ग्रुपवर कळवलं, 'वायर सैल होती. सुनेने घट्ट केली. आता ठीक.'

लगेच काकांचं उत्तर आलं. त्यांच्या कमरेतही नेमकं हेच निघालं होतं, आणि सून कोणत्या दवाखान्यात बसते, तिची वेळ मिळेल का, असं ते विचारत होते.