बाबांच्या फोटोमागचा कागद

बाबा गेले त्या हंगामात माय लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. आधीही जायची, पण तेव्हा मनात आलं तर जायची. आता सुटी नव्हती. गुडघा सुजला की ती एरंडाचं पान गरम करून बांधायची आणि सकाळी पुन्हा निघायची. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एकदा मी म्हटलं, कॉलेज सोडते, तुझ्यासोबत येते. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तू कॉलेज सोड, मी जेवण सोडतो. पाहू कोण पहिले थकते."

मी कॉलेज सोडलं नाही.

आमची ही अवस्था व्हायला नको होती, कारण आमच्या घरात पेन्शनचा कागद होता. नांदुऱ्याला राज्य सरकारच्या एका महामंडळाचं कापूस केंद्र होतं. बाबा तिथं सोळा वर्षं गाठी बांधायच्या प्रेसवर होते. केंद्र बंद झालं तेव्हा ते अडतीसचे आणि मी चार वर्षांची. नोकरी गेली, पण पेन्शनचा हक्क गेला नव्हता. फक्त ती अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होणार होती. तसा शिक्क्याचा जाड इंग्रजी कागद बाबांनी अकोल्याच्या पेन्शन ऑफिसातून आणला. वाळवी लागू नये म्हणून मोताळ्याच्या बाजारात त्याला काचेची फ्रेम करून घेतली. आमच्या भिंतीवर एका बाजूला बुद्धाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला तो कागद. पाहुणे आले की बाबा दोन्ही दाखवायचे.

पुढची सोळा वर्षं त्यांनी मोताळ्यात सोयाबीनच्या व्यापाऱ्याकडं पोती उचलली. घरी येऊन पाठ टेकली की माय विचारायची, "किती राह्यले?"

"सहा."

"तोवर पाठ राहीन का?"

"पेन्शन मले आहे, पाठीले थोडीच आहे."

मग पाच राहिले, मग चार. चोपन्न पुरे झाले आणि दोन महिन्यांत बाबा गेले. सकाळी चहा घेतला, छातीला हात लावला आणि झालं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाबांसाठीच्या वंदनेला सगळे जमले होते. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, फ्रेमकडं पाहून म्हणाले, "चार वर्षं कमी पडले. आता ते गेलं सरकारात." वडीलधारं माणूस बोललं, सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा. मी तेव्हा कॉलेजात जात होते, इंग्रजी वाचत होते, पण ज्या कागदाखाली सोळा वर्षं जेवले तो मी एकदाही पूर्ण वाचला नव्हता. ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

त्याच आठवड्यात मायनं फ्रेम उतरवली. म्हणाली, "सोळा वर्षं भिंत अडवली यानं." बाबांचा फोटो मोठा करायचा होता, त्याला फ्रेम लागणार होती, आणि घरात एक फ्रेम होती. ती घेऊन ती बाजारात गेली आणि बाबांना त्याच फ्रेममध्ये बसवून घेऊन आली. मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं चांगली वस्तू वाया घालवत नाहीत.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी सांगायची गरज नसते, माय एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईलाही सांगते. नोकरी मिळेपर्यंत गावातल्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात काम धरलं. पीक विमा, जातीचा दाखला, स्कॉलरशिप, आणि नोव्हेंबर लागला की म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले. माणूस जिवंत आहे हे पेन्शनवाल्यांना दरवर्षी कळवावं लागतं. मशीनवर अंगठा ठेवला की झालं.

त्या नोव्हेंबरात शेजारच्या गावची एक मावशी अंगठा द्यायला आली. कापूस वेचून तिची बोटं खरबरीत झाली होती, मशीन अंगठा घेईना. मी तिचा हात ओल्या फडक्यानं पुसत होते. बोलता बोलता कळलं, तिचा नवरा बाबांसोबत त्याच प्रेसवर होता.

"काका किती वर्षांचे होते, गेले तेव्हा?"

"बावन्न."

"मावशी, मग तुम्हाले पेन्शन कशी? ती तं अठ्ठावन्नले लागते ना?"

"ते त्यायले लागते," मावशी म्हणाली. "माणूस पहिले गेला तं बायकोले लगेच लागते. कागदावर लिहेल आहे. तुया बाबाजवळ बी होता ना कागद? त्याचं काय केलं तुम्ही?"

मशीननं तेवढ्यात तिचा अंगठा घेतला. मावशी जिवंत असल्याचं स्क्रीनवर आलं. मी दुकानाच्या मालकाला सांगितलं, पोट दुखतंय, आणि घरी निघाले.

माय अंगणात शेंगा फोडत होती. मी विचारलं, "फ्रेममधला कागद कुठी आहे?"

"काऊन?"

"पयले सांग."

ती म्हणाली, "फोटोवाल्याले म्हटलं होतं, काहाडून फेक."

मी रडले नाही, पण मला मायचा फार राग आला, आणि लगेच स्वतःचाही आला. आधी मीच तो वाचला असता तर तिनं असं म्हटलंच नसतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मोताळ्याला गेलो. तीन वर्षं झाली होती. फोटोवाला चष्मा कपाळावर चढवून मायकडं पाहत राहिला. बाबांचा फोटो आठवेना, पण फ्रेम आठवली, कारण ती त्यानंच विकलेली होती.

"फेकला का तुम्ही तो कागद?" माझा आवाज चढला होता.

"मी काईच फेकत नसतो, बाई," तो म्हणाला. "जाडजूड चांगला कागद. मागच्या पुठ्ठ्यात फट राहत होती, तं तोच मंधात टाकला. फोटो बसला ना मस्त?"

माय लगेच एस.टी.कडं निघाली.

घरी आल्यावर फोटो उतरवायचा कोणी, हा प्रश्न आला. तीन वर्षं त्या फोटोला रोज सकाळी तिनं पुसलं होतं. मी हात पुढं केला तर म्हणाली, "थांब. मी लावला, मीच काहाडतो." फोटो मांडीवर पालथा घेतला, कांदे कापायच्या चाकूनं एकेक बारीक खिळा उचकटला. पुठ्ठा निघाला आणि त्याच्यामागून कागद निघाला. एका कोपऱ्याला ओल लागलेली, बाकी शिक्का, सही, सगळं शाबूत.

मी मोठ्यानं वाचायला लागले. इंग्रजीत एक ओळ, मग मायसाठी आपल्या भाषेत. बाबांचं नाव. नोकरीची सोळा वर्षं. मग कुटुंबाची यादी. त्यात मायचं नाव, आणि खाली माझं. वय वर्षं चार. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की सदस्य अठ्ठावन्न वर्षांच्या आत मरण पावला, तर त्याच्या कुटुंबाला पेन्शन मिळेल.

"पुन्हा वाच," माय म्हणाली.

मी तीनदा वाचलं.

अकोल्याच्या कार्यालयात आम्ही फॉर्म, मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक आणि तो कागद घेऊन गेलो. मायनं कागद पिशवीत ठेवू दिला नाही, गाडीत पूर्ण वेळ पदराखाली धरून बसली. टेबलापलीकडच्या साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. त्यावर पुठ्ठ्याचा डिंक लागला होता.

"ओरिजिनल आहे, चांगलं झालं. पण हे ठेवलं कुठं होतं तुम्ही?"

"यायच्याच मागं," माय म्हणाली.

साहेबांना काही कळलं नाही. मी फ्रेमची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले, आणि मग हसू आवरून माझ्याकडं वळले. "पत्नीला थांबावं लागत नाही. ते वारले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हक्क सुरू होतो. आणि तुमचं वय काय?"

"तेवीस."

"पंचवीस होईपर्यंत मुलांनाही वेगळी पेन्शन असते. तुमचाही अर्ज जोडा."

माय म्हणाली, "साहेब, तीन वर्षं हे आमाले कोणी काऊन नाई सांगतलं?"

"मावशी, तुम्ही आज पहिल्यांदा आलात," ते शांतपणे म्हणाले.

मोठ्या बाबांना कळलं तेव्हा ते ओट्यावर येऊन बसले. "ऑफिसचे चकरा मारून चपला झिजतीन फक्त. मी सांगतो तुमाले."

माय म्हणाली, "तुम्ही सांगतलं म्हणूनच तं तीन वर्षं बसलो, भाऊजी. आता पोरगी सांगून राह्यली." आणि त्यांना चहा दिला. साखर नेहमीपेक्षा जास्त टाकली होती, मी पाहिलं.

चपला काही झिजल्या नाहीत. एकदा सहीसाठी जावं लागलं, एवढंच. काही आठवड्यांनी माझ्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. रक्कम फार मोठी नाही, ती ऐकून कोणी आमचा हेवा करणार नाही. पण मायचा मेसेजवर विश्वास नाही. ती बँकेत गेली, पासबुक छापून घेतलं, आणि येताना दोन जणींना थांबवून दाखवलं. पुढच्या वेचणीला मुकादम बोलवायला आला, तेव्हा तिनं दारातूनच सांगितलं, "गुडघा म्हणते नाई, आणि आता मले त्याचं आयकता येते."

बाबांच्या फोटोला नवी फ्रेम केली. त्याच फोटोवाल्याकडं. त्यानं पैसे घ्यायला नकार दिला, मायनं ते टेबलावर ठेवले आणि निघून आली.

गेल्या नोव्हेंबरात माय माझ्या दुकानात आली, बाकी बायांसारखी रांगेत बसली, नंबर आल्यावर अंगठा ठेवला. मशीननं पहिल्याच वेळी घेतला. माझ्या मायला तिच्या स्वतःच्या नावावर पेन्शन आहे, आणि ती जिवंत असेपर्यंत राहील.