दगडाची कोरी पाठ

कुमुदताई काल गेल्या. आणि आज सकाळीच एका ग्रुपवर वाचलं, "बिचाऱ्या! एवढं शिकून हाती काहीच लागलं नाही."

बिचाऱ्या तुमच्या घरी असतील.
मी त्यांना पाहिलंय. ऐका.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा माझा पेट्रोल पंप नव्हता, एक ट्रकही नव्हता. नागभीडला दुसऱ्याची जीप भाड्यानं चालवायचो. विद्यापीठातले एक सर आणि त्यांच्या संशोधन-गटातल्या कुमुदताई स्टेशनवर उतरले. जवळच्या गावी सोनाबाईच्या धानाच्या बांधीत आभाळातून दगड पडला होता, तो पाहायला.

पृथ्वी आणि बाकीचे ग्रह कधी झाले, कशापासून झाले, हे हुडकणारी ती मंडळी. तेव्हाचं शिसं अशा दगडात जसंच्या तसं राहतं म्हणे. शिशाचे हलके अणू, जड अणू वेगवेगळे मोजायचे आणि त्यावरून वय काढायचं.

ड्रायव्हरला हे कोणी सांगत नाही. पण ड्रायव्हरला कान असतात.

पोचलो तर दगड मोहाच्या झाडाखाली बसवलेला. तेल-शेंदूर लावून लालभडक.

सरांनी कपाळाला हात लावला. "शेंदूर म्हणजे शिसंच! सगळं सॅम्पल खराब केलं यांनी."

सोनाबाई म्हणाली, "वरून देव आला, त्याले उघडाच ठेवाचं का जी?"

सरांचं ठरलं. आतला भाग चांगला असेल, अख्खा दगड लॅबमध्ये न्यायचा. ऑर्डर आणायची, शिपाई आणायचे, उचलायचा.

"दगड त्यांचा आहे, सर," कुमुदताई म्हणाल्या. "आपण मागू. दिला तर दिला."

"मग तुम्ही बसा इथेच. गटात तुमची जागा घ्यायला पुष्कळ जण आहेत."

आणि त्या खरंच बसल्या.
दगडाशेजारी. मांडी घालून.

सर जीपमध्ये चढले. "चल रे!"

मी बॉनेट उघडलं. बंद केलं. परत उघडलं.

"काय झालं?"

"रुसली जी, सर. सुरूच नाई होऊन राह्यली."

गाडीला धाड भरली नव्हती. पण बाईमाणसाला बांधीवर सोडून शिपाई आणायला मी काऊन जाऊ?

सोनाबाईनं ताईंना पाणी दिलं. "तू काऊन बसली व बाई? तुया साहेब तं रागावला."

"तुमचा देव नेऊ द्यायचा नाही म्हणून."

सोनाबाई दगडाला वळसा घालून मागे गेली. मग म्हणाली, "एक टवका घेऊन जा मंग. पाठीकडून. तोंडाले हात नको लावू."

ताईंनी टवका घेतला. वर सोनाबाईच्या पुडीतला चिमूटभर शेंदूरही मागून घेतला. "हाही मोजू. मग दगडाच्या शिशातून वजा करता येईल."

मग जीप सुरू झाली. लगेच!

वजा काही करता आलं नाही. तेलाबरोबर शेंदूर चिरांमधून टवक्यात इतका उतरला होता, की दगडाचं शिसं वेगळं निघेना. रिझल्ट गेला, सरांनी दगडाचा नाद सोडला, ताईंची गटातली जागाही गेली.

हे सांगायला ताई एकट्या परत आल्या. मीच सोडलं त्यांना गावात. सोनाबाईला म्हणाल्या, "टवका निघाला तिथून आणखी आत दगड चांगला असेल. तेवढी पाठ कोरी ठेवाल? मी येईन."

त्यांना पुन्हा लॅब मिळाली नाही. जन्मभर कॉलेजात शिकवत राहिल्या.

आज दुपारी मी गावात गेलो. सोनाबाई केव्हाच गेली. तिची सून वच्छला, तीही आता म्हातारी, शेंदराची पुडी घेऊन दगडापुढे बसली होती. तिला सांगितलं, ताई गेल्या.

पारावरून एक जण म्हणाला, "मंग आता पाठीलेही लावून टाक व. येनारीच गेली तं."

वच्छलानं मान वळवली नाही. "एक गेली, दुसरी येईल. सासूनं शब्द देल्ला हाये."

मी मागे जाऊन पाहिलं. काळसर, खडबडीत, कोरी पाठ. हात लावला नाही. जन्म ट्रकच्या बॅटऱ्या उचलण्यात गेला, त्यातही शिसंच.

तर ग्रुपवाल्यांनो, दगड गावात आहे आणि त्याची पाठ कोरी आहे. हाती काही लागलं की नाही, ते आता तुम्ही ठरवू नका.

ताई, नमस्कार. निवांत बसा.
जीप अजून रुसलेलीच आहे.