चौथा चर

रोज सकाळी सातच्या सुमारास श्रीरंगराव अंगणातल्या नळाखाली प्लास्टिकची पारदर्शक नळी भरत. मग तिची दोन्ही तोंडं दाराच्या चौकटीला शेजारी शेजारी टेकवत आणि दोन्हीकडचं पाणी एका रेघेत येईस्तोवर श्वाससुद्धा बेतानं घेत. रेघ जुळली की तोंडांना बुचं बसायची आणि नळीचं वेटोळं स्कूटरच्या हुकाला लागायचं. त्यांच्या पत्नी बेबीताई म्हणायच्या, लोक सकाळी सूर्याला पाणी दाखवतात, आमच्याकडे चौकटीला.

खमरियाच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत श्रीरंगरावांनी चौतीस वर्षं मापं तपासली होती. सकाळी थंड खोलीत ताडून पाहिलेलं माप दिवसभर खरं, हा तिथला नियम त्यांच्या अंगात मुरला होता. निवृत्तीनंतर रांझीच्या घरात दोन वर्षं वर्तमानपत्राच्या घड्या घालण्यात गेली. मग ओळखीतला अनुपम त्यांना कुंडमकडच्या पडरीटोला या वस्तीवर घेऊन गेला. तो एका संस्थेत इंजिनिअर होता. उघड्या टेकडीवर आडवे चर खणायचे, पावसाचं पाणी आणि माती तिथंच अडवायची, आणि खणण्याचं काम गावच्याच लोकांना द्यायचं, असं ते काम होतं. चर अगदी समतल हवा. त्यासाठी नळीतल्या पाण्यानं पातळी बघून खुंट्या ठोकायच्या.

नळीचं एक तोंड श्रीरंगराव धरत, दुसरं सुमरतीबाई. टेकडीच्या पायथ्याशी तिचं शेत होतं. दिवाळी झाली की या गावची निम्मी घरं कुलूप लावून नागपूरला बांधकामावर जात. त्या वर्षी सुमरतीचा मुलगा आणि सून गेले नाहीत, आणि नात पहिल्यांदाच गावच्या शाळेत वर्षभर टिकली. टेकडी नीट झाली तर समोरच्या मोठ्या टेकडीचं कामही गावाला मिळणार होतं. म्हणजे आणखी दोन-तीन वर्षं कुलपं लागणार नव्हती.

तीन चर थंडीतच झाले. चौथा मार्चच्या शेवटी आखला. सर्वांत खालचा, तीनशे मीटर सलग.

एप्रिलमधल्या एका दुपारी श्रीरंगराव लवकर परतले. नळी धुऊन ठेवण्याआधी, का कोण जाणे, त्यांनी दोन्ही तोंडं चौकटीला टेकवली. रेघ जुळेना. एकीकडे पाणी दोन बोटं खाली. त्यांनी नळी उजेडात धरली, तर आत मोहरीएवढे आणि वाटाण्याएवढे बुडबुडे जागोजाग अडकून बसलेले. पाऊण-एक तास स्कूटरवर, मग टेकडीवरचं ऊन. पाणी तापलं होतं आणि त्यातून हवा सुटली होती. सकाळी खरी असलेली नळी दुपारपर्यंत खोटी होत होती.

ते तिथंच पायरीवर बसले. चौथा चर आखताना सुमरती जे बोलली होती ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं. बाबूजी, इसमें दाना-सा कुछ दिख रहा है. आणि त्यांनी मान वरही न करता उत्तर दिलं होतं, सुबह जाँचा है, चलो.

दर टप्प्याला एवढीशी चूक झाली असेल, तर तीनशे मीटरला किती? चर एका बाजूला उतरता असेल तर सगळं पाणी त्या टोकाला धावणार, बांध फोडणार. आणि त्या टोकाखालीच सुमरतीचं शेत.

दोन दिवस असेच गेले. कामावर जात, चराच्या काठावर उभे राहत, आणि खाली तीस-पस्तीस माणसं त्यांच्या खुंट्यांवर भरवसा ठेवून मुरूम फोडत. नळी हुकावरून काढायचं धैर्य होईना. कबूल केलं तर काम थांबेल. नाही केलं तर पाऊस बोलेल. बेबीताईंनी ताट उचलता उचलता विचारलं, तब्येत बरी नाही का? आज डाळीत मीठ घालायचं राहिलं आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी टेकडीवरच्या महुआच्या झाडाच्या सावलीत ताज्या पाण्यानं नळी भरली, तोंडं एकत्र धरून सुमरतीला दाखवली आणि चौथ्या चराची पातळी पुन्हा घ्यायला लावली. शेवटच्या खुंटीला पाणी हातभर वर दिसलं. म्हणजे चर तिथं हातभर खाली गेला होता. सुमरतीनं एकदा खुंटीकडे पाहिलं, एकदा खालच्या आपल्या शेताकडे.

"मैंने कहा था न बाबूजी, दाना है."

"कहा था, बाई. मैंने सुना नहीं."

ती चराकडे वळली. मग बाकीच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "फॅक्टरी में तोप भी ऐसे ही नापते थे क्या?"

चरातले सगळे हसले. श्रीरंगरावांना हसू आलं नाही, पण दोन दिवसांत पहिल्यांदा तहान लागली.

उपाय निघाला. दर दहा पावलांवर चरात मातीचा आडवा बांध घालायचा, म्हणजे पाणी एका टोकाला न धावता खणाखणात अडेल. आठ दिवसांचं काम वाढलं. अनुपमला श्रीरंगरावांनी स्वतःच बोलावून चूक दाखवली.

अनुपम म्हणाला, "काका, मी तर वरवर पाहून निघून गेलो असतो."

"पाणी वरवर पाहून नसतं ना गेलं, बाबा."

अनुपमनं काम थांबवलं नाही, पण समोरच्या टेकडीचा निर्णय पावसाळ्यानंतर, असं सांगून तो गेला.

पुढचे तीन महिने श्रीरंगरावांनी आभाळाकडे चोरासारखं पाहिलं. रांझीवर ढग आला की ते फोन हातात घेत. गावात रेंज नव्हती, सुमरतीला बोलायचं तर टेकडीवर चढावं लागे. जुलैच्या अखेरीस दोन दिवस धो धो कोसळला. वाटेतल्या नाल्याला पूर आला, बस बंद, स्कूटरचा तर प्रश्नच नव्हता. बेबीताईंनी तीनदा चहा केला, तीनदा तो निवला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडे वाराच जास्त होता. सगळे खण भरलेत, दोन आडवे बांध खचले, तिसऱ्यानं धरलं, शेत आहे तसं आहे, असं सुमरतीनं सांगितलं. श्रीरंगरावांनी इतकंच विचारलं की खचलेले दोन कुठले.

दिवाळीनंतर समोरच्या टेकडीचं काम सुरू झालं. कुलपं लागली नाहीत. डॉक्टरांनी श्रीरंगरावांची स्कूटर बंद केली होती, छातीचं दुखणं सुरू झालं होतं. त्यामुळे पातळी आता सुमरती घेई, सून दुसरं तोंड धरे, आणि प्रत्येक चराआधी टेकडीवरच्या सावलीत तोंडं जुळवून बघितली जात. नवी नळी संस्थेनं दिली. जुनी श्रीरंगरावांकडेच राहिली, आणि ते रोज सकाळी ती भरत, चौकटीला टेकवत, पुन्हा रिकामी करत.

जानेवारीतल्या एका सकाळी बेबीताईंनी अंगण धुतलं आणि भरलेली नळी उचलून कपड्यांच्या तारेवर टाकली. श्रीरंगराव आत खुर्चीत चहाची वाट बघत होते. त्या चहा घेऊन येईपर्यंत त्यांची मान कलली होती, श्वास थांबला होता. त्याआधी, त्या स्वयंपाकघरात वळत असताना, खिडकीतून बाहेर पाहत ते म्हणाले होते,

"अगं, नळी उन्हात काहून ठेवली? सावलीत घे ना."