हाउन्सलोच्या ऑप्शन्सवाल्या मॅडम

"घाबरायचं असेल तर नीट घाबरा," असं त्या म्हणायच्या आणि चष्मा काढून कार्डिगनच्या बाहीला पुसायला लागायच्या. चष्मा पुसून होईपर्यंत पुढचं वाक्य यायचं नाही. समोर बसलेले आईबाप तेवढा वेळ हातावर हात ठेवून थांबायचे. तुमच्यापैकी कुणी त्या हॉलमध्ये कधी बसला असाल तर ती शांतता तुम्हाला आठवत असेल.

इथे लंडनमध्ये शाळेत मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं की मोठ्या परीक्षेसाठी त्याला विषय निवडावे लागतात. गणित, इंग्रजी आणि सायन्स सगळ्यांनाच असतं. बाकीचे तीन-चार आपण ठरवायचे. त्यांना ऑप्शन्स म्हणतात. आपण बोर्डाने दिलेले विषय घेऊन दहावी पास झालेली माणसं, आपल्याला निवडायची सवयच नाही. शाळा एका संध्याकाळी बोलावते, रंगीत पुस्तिका देते, आणि आपण घरी येऊन पुण्याला भावाला फोन लावतो. त्याला यातलं काही ठाऊक नसतं, पण सल्ला तो अगदी ठामपणे देतो.

मॅडम मूळच्या नागपूरच्या. हाउन्सलोमधल्याच एका शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं गणित शिकवलं. रविवारी आंबेडकरी मंडळी एका कम्युनिटी हॉलमध्ये वंदनेला जमायची, त्यांच्यातल्या त्या एक. ऑप्शन्सचे दिवस आले की वंदना आणि चहा झाल्यावर त्या तिथेच थांबायच्या. कुणीही यावं, काहीही विचारावं. आधी त्यांच्याच ओळखीची माणसं यायची. मग लंडनच्या पार दुसऱ्या भागातून, स्टॅनमोरहून गाड्या यायला लागल्या. आपल्या माणसांना त्या जय भीम म्हणायच्या, आम्हाला नमस्कार म्हणायच्या, आणि रागवायच्या मात्र सगळ्यांना सारख्याच.

एका गृहस्थांना मुलीने म्युझिकही घ्यावं आणि कॉम्प्युटर सायन्सही, असं वाटत होतं. शाळेत दोन्हीचे तास एकाच वेळी होते. ते त्यांच्या गळी उतरेना. मॅडमनी दोन खुर्च्या खोलीच्या दोन टोकांना ठेवल्या आणि म्हणाल्या, "बसा दोन्हीवर." गृहस्थ खरोखर उठले. मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्हीकडे बघितलं, आणि परत आपल्या जागेवर येऊन बसले. मग मुलीने म्युझिक घेतलं.

दुसरे एक जण म्हणाले, आमच्या घराण्यात सायन्स रक्तातच आहे. "रक्तात लोह असतं," मॅडम म्हणाल्या, "बाकीचं शिकावं लागतं."

एका बाईंना रडू आवरत नव्हतं. मुलाला फूड अँड न्यूट्रिशन हवं होतं. स्वयंपाक शिकवायला का आणलं याला लंडनला, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मॅडमनी त्यांना त्यात केमिस्ट्री किती आहे हे सविस्तर सांगितलं. बाईंचं समाधान होईना. शेवटी मॅडम म्हणाल्या की सून येईल तेव्हा हा शिकलेला असेल, वाईट काय त्यात. बाई रडता रडता हसल्या.

घाबरण्याच्या योग्य गोष्टीही त्या सांगायच्या. गणिताचे सोपा आणि अवघड असे दोन पेपर असतात, सोपा मिळाला तर वरची ग्रेड मिळूच शकत नाही, म्हणून मुलाला कोणत्या पेपरला बसवतायत ते विचारा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी वेगवेगळी न घेता एकत्रच घेतली म्हणून सहसा कुणाचं डॉक्टर होणं अडत नाही, त्याला घाबरू नका. आणि मूल विचारल्यावर फक्त "फाइन" म्हणत असेल तर मात्र घाबरा.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा अनघाला जाऊन एक हिवाळा होत आला होता. अनघा माझी बायको. हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट होती. आजार कळला आणि त्यानंतर फार थोडे दिवस गेले. आमच्या मुलीची, सईची शाळा, तिचे ईमेल, पेरेंट्स ईव्हनिंग, सगळं अनघाच्या फोनवर असायचं. ते मी माझ्या फोनवर घेतलं. ऑफिसला जात होतो, येताना दूध आणत होतो, रात्री काहीतरी गरम करून दोघांच्या ताटात वाढत होतो. लोक विचारायचे, कसे आहात. मला काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की ओठ असतो ना, आहे हे कळतं पण आपला वाटत नाही, तसं सगळं अंग होतं.

सईची निवड तयारच होती. तिन्ही सायन्स वेगवेगळी, हिस्ट्री, कॉम्प्युटर सायन्स. मला सुटल्यासारखं झालं होतं. शाळेच्या वेबसाइटवर भरण्याआधी एकदा दाखवून घ्यावं, एवढ्यासाठी आम्ही गेलो होतो.

"हे कुणी निवडलं?" मॅडमनी सईला विचारलं.

"आईनी."

"आणि तू?"

"सेम."

मॅडमनी चष्मा पुसला नाही. शाळा सुटल्यावर काय करतेस, एवढंच त्यांनी विचारलं. मीच उत्तर दिलं की तिच्याकडे किल्ली आहे, ती घरी येते, अभ्यास करते. सईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती मॅडमना म्हणाली, "मी बसमध्ये असते. तो बस एअरपोर्टपर्यंत जातो. मग परत येते. मग दुसरा घेते."

"रोज?"

"घरी कोणी नसतं ना."

मला आठवतं, त्या क्षणी माझ्या मनात एवढंच आलं की ती 'तो बस' म्हणाली. अनघाने लगेच दुरुस्त केलं असतं, ती बस. त्यापलीकडे काही आलं नाही. समोर कुणीतरी टेबल टेनिसचं टेबल घडी करत होतं, ते मी बघत राहिलो.

मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही. बसमधून काय दिसतं, असं त्यांनी सईला विचारलं. ती सांगायला लागली. नदी कुठे रस्त्याखालून जाते. पाऊस झाला की कोणत्या मैदानात पाणी साचतं आणि शेजारच्यात का साचत नाही. रनवेजवळच्या घरांच्या खिडक्या जाड का असतात. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. कित्येक महिन्यांत ती एवढं सलग बोलली नव्हती. तिचं संपल्यावर मॅडमनी तिला किचनमध्ये कप पुसायला पाठवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"विषयांचं राहू द्या, अजून वेळ आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ऑफिसला सांगा, आणि हा आठवडा तिच्याबरोबर बसमध्ये बसा. काही समजवायला जाऊ नका. नुसते बसा."

मी मान हलवली. तेव्हा मला कुणीही काहीही सांगितलं असतं तरी मी मान हलवली असती. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी स्टॉपवर उभा होतो.

बसच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे सई बसली, मी शेजारी बसलो. बस हाय स्ट्रीटवरून निघाली, लांबलचक गोदामं मागे पडली, डोक्यावरून उतरण्यासाठी चाकं बाहेर काढलेली विमानं गेली. एअरपोर्टला सगळे उतरले. बॅगा ओढणाऱ्या माणसांमध्ये आम्ही दोघं परतीच्या बसची वाट बघत उभे राहिलो. घरी आल्यावर मी जेवण गरम केलं. पहिले दोन दिवस असेच गेले.

मग एकदा ती म्हणाली, "बाबा, डावीकडे बघ." मी बघितलं. कठड्यापलीकडे गढूळ पाण्याचा एक ओहोळ होता. मी त्या रस्त्याने इतकी वर्षं गाडी चालवली आणि तिथे पूल आहे हे मला माहीत नव्हतं. ते पाणी पुढे कुठे जातं ते ती सांगत राहिली. त्याच आठवड्यात एके दिवशी परत येताना ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. आमचा स्टॉप आला आणि गेला. बेल वाजवायला मी हात उचलला नाही. बस डेपोपर्यंत गेली. तोपर्यंत माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. सईने जिऑग्रफी म्हटलं, हिस्ट्री ठेवली, आर्ट घेतलं. सायन्स सगळ्यांसारखं एकत्र. सगळं ठरल्यावर तिने मॅडमना विचारलं, आई रागावली असती का. मी काहीतरी बोलणार होतो, नाही गं वगैरे.

"रागावली असती," मॅडम म्हणाल्या. "थोडे दिवस. मग नातेवाइकांना फोन करून सांगत बसली असती की आमची सई जिऑग्रफीत पहिली."

सई हसली. मग रडली. अनघा गेल्यानंतर मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. मॅडमनी तिला जवळ घेतलं नाही, पाणी दिलं नाही. शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि तिचं होईपर्यंत बसून राहिल्या. बाकीचे पालक खोळंबले होते, पण कुणी पुढे आलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी मॅडम रिटायर झाल्या आणि ग्लासगोला मुलीकडे राहायला निघाल्या. मुलगी तिथे डॉक्टर आहे. त्यांना हीथ्रोला सोडायला मी गेलो. रस्ता जवळचा, पण ट्रॅफिक होतं. एवढ्या दिवसांत त्यांनी स्वतःबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. गाडी उभी असताना त्या समोर बघत बोलल्या. त्यांचे मिस्टर गेले तेव्हा मुलगी सईएवढीच होती. त्या दुसऱ्याच आठवड्यात शाळेत पुन्हा रुजू झाल्या. दुसऱ्यांच्या मुलांचे ऑप्शन्स त्यांना तोंडपाठ होते.

"माझ्या मुलीने काय घेतलं होतं, ते मला रिझल्टच्या दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, ती फाइन आहे."

मी विचारलं, मग आता?

"आता तिला बाळ होणार आहे. फोन करून म्हणाली, ये. पहिल्यांदाच म्हणाली."

पुढची गाडी हलली. टर्मिनलवर त्यांनी बॅग मला उचलू दिली नाही. सईला सांगा, म्हणाल्या, आणि काय सांगायचं ते न बोलताच आत गेल्या.

पुढच्या वर्षी ऑप्शन्सचे दिवस आले तसे लोक मला विचारायला लागले की मॅडम कुठे आहेत. हॉलमध्ये रविवारी वंदना होते, चहा होतो, आणि लोक घरी जातात. एका ओळखीच्यांना फारच काळजी होती, म्हणून मी त्यांच्यासाठी ग्लासगोला फोन केला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, दोन वाक्यांत उत्तर दिलं. मग म्हणाल्या, "इथे स्कॉटलंडमध्ये सगळंच वेगळं आहे हो. परीक्षा वेगळ्या, नावं वेगळी. शेजारीण विचारायला आली होती, मी म्हटलं मला यातलं काही कळत नाही." आणि पुढे, "बरं वाटलं असं म्हणून."

सईची चौकशी केली. तेवढ्यात मागे बाळ रडलं. थांबा हं, म्हणून त्यांनी फोन कुठेतरी ठेवला. त्या परत आल्या नाहीत. फोन तसाच चालू राहिला. कुकरची शिट्टी झाली. मुलगी काहीतरी म्हणाली, ते मला नीट कळलं नाही, पण तिचा आवाज चिडलेला नव्हता. मॅडम बाळाशी वऱ्हाडी बोलत होत्या. मग दोघी कशाला तरी हसल्या.

मी बराच वेळ ऐकत उभा होतो. मग हळूच फोन ठेवला.